बाबाजानचा चुकलेला बार

घोडेगावाकडून शिंगणापूरला जाणारा रस्ता भाविकांच्या गाड्यांनी सतत वाहता असतो. त्या रस्त्याकडं पाठ करून कालव्याच्या कडेकडेनं आत गेलं की ऊस लागतो. उसामागं ऊस, मधेच एखादी मक्याची पट्टी, एखादं कांद्याचं वावर, आणि मग खडकवस्ती. तिकडं शिंगणापुरात घरांना दारं नाहीत. इकडं खडकवस्तीत एका घराला दोन कुलपं आहेत, आणि ते घर बाबाजान शेखचं. चोरीच्या भीतीनं लावलेली ती कुलपं नाहीत. आत बंदूक आहे आणि बंदूक कुलपात ठेवावी असं परवान्यात लिहिलेलं आहे, म्हणून आहेत. त्यातलं एक कुलूप सरकारच्या सांगण्यावरून लावलेलं, दुसरं बाबाजाननं आपल्या मनानं लावलेलं.

बंदूक एकनळी, बारा बोअरची. आजोबाच्या नावावरून अब्बाच्या नावावर आली, अब्बाच्या नावावरून बाबाजानच्या. पीक राखायचा परवाना. तिच्या लाकडी दस्त्याला तीन पिढ्यांच्या तळहातांनी अशी झिलई आणलेली, की चिंचेचा चिंचोका घासून गुळगुळीत करावा तशी ती दिसे. दर शुक्रवारी नमाजानंतर बाबाजान ती बाहेर काढी, नळीतून चिंधी ओढी, तेलाचा हात फिरवी आणि पुन्हा आत ठेवी. तेवढा वेळ ओट्यासमोरून जाणारा माणूस चालता चालता थांबे. काही बोलायचं नसे. नुसतं बघायचं असे.

कारण बाबाजानचा बार रिकामा गेला असं पंचक्रोशीत कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यानं आयुष्यात फार बार टाकले होते असंही नाही. पण जे टाकले त्यांची गोष्ट झाली. पिसाळलेलं कुत्रं जत्रेच्या दिवशी बैलाच्या पायांत शिरलं होतं, तेव्हा त्यानं बैलाचा केससुद्धा न हलवता कुत्रं पाडलं होतं. ती गोष्ट सांगणारी माणसं म्हातारी झाली, काही गेलीही. पण गोष्ट तरणीच राहिली. जमीन बाबाजानला थोडी, ती पण मुरमाड. मुलं पोटापाण्यासाठी नगरला गेलेली. त्याच्याजवळ खरी मिळकत म्हणावी अशी एकच, ते नाव.

रानडुकराच्या शिकारीत त्याला स्वतःला मिळायचं काही नव्हतं. ते जनावर त्याच्या चुलीवर चालत नव्हतं. तो त्याला बोटही लावत नसे. दुसऱ्याचं पीक वाचावं आणि आपलं नाव राहावं, एवढ्यासाठी तो हिवाळ्यात थंडीत आणि पावसात चिखलात बसलेला माणूस.

आणि त्यातही त्याला नियम किती. सरकारचे नियम कागदावर होते, अब्बाचे नियम त्याच्या तोंडपाठ होते. मादीबरोबर पिल्लं दिसली तर नळी खाली. पाण्यावर आलेल्या जनावरावर बार टाकायचा नाही. आणि माणसाच्या हातचं खाल्लेल्या जनावरावर तर कधीच नाही. अब्बा म्हणायचे, घास देताना हात पुढं केला, तोच हात बंदुकीच्या घोड्यावर ठेवायचा नसतो. या सगळ्यावर बाबाजानचा स्वतःचा एक नियम होता: रमजानच्या महिन्यात बंदूक पेटीबाहेर येणार नाही.

एवढे नियम सांभाळून शिकार जमायची म्हणजे आभाळातले ग्रह जुळण्यापैकीच काम. गेली दोन-तीन वर्षं ते जुळतच नव्हते. लोकसभेची आचारसंहिता लागली तेव्हा परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम आला. बाबाजाननं गोधडीत गुंडाळून बंदूक ठाण्यात नेऊन दिली. तिकडं ती ठाण्याच्या खोलीत उभी, इकडं डुकरांनी त्याच्या जिवलग मित्राचा, सूर्यभानचा मका पार झोपवला. बंदूक परत आली तर पावसाळा लागलेला, आणि उसाच्या कडेनं पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं घेऊन मादी फिरताना दिसली. नळी खाली. पिल्लं मोठी झाली तोवर विधानसभा लागली. पुन्हा गोधडी, पुन्हा ठाणं.

कालव्याच्या पुलावर बिभीषणचं चहाचं हॉटेल आहे. त्याच्या जिभेला हाड नाही. तो येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचा, "इलेक्शन लागल्याचं पेपराच्या आधी डुकरांना कळतंय. चाचा गोधडी घिऊन ठान्याकडं निघाला, की ती उसातनं टाळ्या वाजवित्यात."

बाबाजान बशीतला चहा फुंकत म्हणायचा, "वाजवू दे. बंदूक काय माझी बायकू हाय व्हय, घरी र्‍हा म्हनलं तरी माह्यारी जायाला? तिला सरकारचा हुकूम हाय."

"बायकू परत यितीया, चाचा. तुमची शिकार काय यीना."

लोक हसत. बाबाजानही हसे, पण त्या हसण्याखाली एक खुपणारी गोष्ट होती. त्याची सत्तरी उलटली होती. बद्रुन्निसानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, त्याला सरळ सांगून टाकलं होतं, "एक शेवटची शिकार करा, आन बंदूक कायमची जमा करून टाका. तुमच्या गुडघ्यांना आता ठान्याच्या पायऱ्या सोसत न्हाईत. आन मला त्या पेटीच्या उशाला झोपवत न्हाई." बाबाजान कबूल झाला होता. पण ती शेवटची शिकार रीतसर, परवानगीची आणि एका बारातली व्हावी, एवढीच त्याची हौस. बैलाच्या पायांतल्या कुत्र्याच्या शेजारी मांडता येईल अशी.

त्या हिवाळ्यात पहिल्यांदा सगळं जुळू लागलं. निवडणूक पार पडली, बंदूक घरी आली. सूर्यभाननं उसाला लागून असलेल्या रानात रताळी केली होती. महाशिवरात्रीला रताळ्यांना उठाव असतो, म्हणून नेमकी त्या बेतानं. आणि रताळ्यांचा वास घेत एक जनावर यायला लागलं. एकटा नर. मानेवर आयाळ, उजवा सुळा मोडलेला. एका फेरीत तो अख्खा वाफा नांगरल्यासारखा उलटा करी.

सूर्यभान पहाटेच बाबाजानच्या ओट्यावर येऊन बसला. हा लांबसडक, हडकुळा माणूस; बोलायला लागला की आधी टोपी काढून मांडीवर ठेवायचा.

"बाबा, आलाय."

"कोन?"

"तुझी शेवटची शिकार."

बाबाजान उठून त्याच्याबरोबर रानात गेला. वाकून खुरांचा ठसा बघितला, त्यात बोट घातलं, बांधावर चढून वारा कुठून येतो ते पाहिलं, उसाकडं बराच वेळ टक लावली. मग दोघं कडब्याच्या गंजीला टेकून बसले आणि बेत ठरायला लागला.

बेत असा होता, की पाथर्डीकडची ऊसतोडीची टोळी कालव्याच्या अंगानं तोडत तोडत इकडं येत होती. जसजसा ऊस तुटेल तसतसं जनावर या कडेला सरकेल. सूर्यभानच्या रानाला लागलेला शेवटचा तुकडा तुटला, की ते नदीकडं निघून जाईल. म्हणजे तो तुकडा उभा आहे तोवर काम व्हायला पाहिजे. रताळी शिवरात्रीच्या आधी काढायची, म्हणजे त्याआधी. शिवरात्रीच्या पाठोपाठ या वर्षी रमजानचा चांद दिसणार, म्हणजे तर आधीच. आणि या सगळ्यांच्या आत परवानगीचा कागद हातात पडायला पाहिजे.

"घे, म्हंजी शंकर तुझ्या रताळ्यांवर बसलाय, आन आमचा चांद माझ्या बंदुकीवर," बाबाजान म्हणाला.

"आन मधी फॉरेस्टवाले," सूर्यभान म्हणाला.

सूर्यभाननं अर्ज केला. पंचनाम्याला वनरक्षक पंकजा मोटारसायकलवरून आली. तरुण पोरगी, पण रानाची माहितगार. तिनं वाफे बघितले, फोटो काढले, आणि बांधावर बसून दोघांना नीट समजावून सांगितलं.

"काका, परवानगी आली तर ती या गटापुरती, म्हणजे फक्त या रानापुरती असेल. जनावर शेजारच्या रानात गेलं तर तुम्ही इथून बार टाकायचा नाही, तिकडं जाऊनही नाही. दिवस ठरलेले असतील. पडलं तर हात लावायचा नाही, आम्हाला कळवायचं."

"हात तसाबी लावनार न्हाई म्याडम," बाबाजान म्हणाला. "त्यात माझं आन सरकारचं एकमत हाय."

पंकजा हसली. मग जरा थांबून म्हणाली, "तुमचं नाव ऐकलंय मी. ऑफिसात सांगितलं, चाचा असतील तर जखमी होऊन पळालं असं होणार नाही. खरं ना?"

बाबाजाननं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. कुणी मोठेपणा दिला की तो असंच करी. त्या दिवशी घरी जाताना त्याच्या चालीत गुडघेदुखी नव्हती. बद्रुन्निसानं ते लांबूनच ओळखलं.

"काय, कागद मिळाला वाटतं?"

"मिळंल."

"मग आत्ताच काय नाचताय?"

"फॉरेस्टच्या बाईनं नाव ऐकलंय म्हनली."

"झालं," बद्रुन्निसा चुलीत काटकी सारत म्हणाली. "आता आठ रोज भाकर नसली तरी चालंल."

कागद काही लवकर आला नाही. तालुक्याच्या ऑफिसातले साहेब दुसऱ्या कामात होते, मग रजेवर होते, मग सही राहिली होती. इकडं टोळी जवळ जवळ येत होती. सकाळी कोयत्यांचा आवाज ऐकू यायला लागला, संध्याकाळी टोळीच्या उसाच्या पाचटाच्या कोप्यांमधला धूर दिसायला लागला. बाबाजान रोज रानावर जाई. त्याच्या हिशोबानं एवढ्या गडबडीत जनावर कधीच निघून जायला पाहिजे होतं. माणसांचा कलकलाट, बैलगाड्या, पाचट पेटवल्याचा वास; शहाणा नर अशा ठिकाणी थांबत नाही. पण रोज सकाळी ठसे ताजे. मोडका सुळा मातीत टेकल्याची खूणही ताजी.

"सूर्या, ह्यो थांबलाय बघ," तो म्हणायचा. "माझ्यासाठीच थांबलाय."

सूर्यभान टोपी मांडीवर ठेवायचा आणि उसाकडं बघायचा. "थांबल की. रताळी ग्वाड हायेत."

एक गोष्ट मात्र बाबाजानला समजत नव्हती. नवे वाफे उकरलेले दिसत नव्हते. ठसे यायचे ते सरळ बाभळीकडं, आणि तसेच परत जायचे. जनावर म्हातारं झालं, भूक कमी झाली असेल, असं त्यानं मनाचं समाधान करून घेतलं. आपण म्हातारे झालो तसं.

बायडाबाई, सूर्यभानची बायको, एक दिवस त्याला ओट्यावर गाठून म्हणाली, "भावजी, तुमच्या मित्राला काय झालंय हो? म्हशीची पेंड पोत्यातनं निम्मी गेली. म्हैस तर दूध वाढवीना. इचारलं तर म्हनतो, उंदरं."

"उंदरं लई झालीत औंदा," बाबाजान म्हणाला. त्याचं डोकं शिवरात्रीत आणि चांदात गुंतलेलं होतं.

शेवटी कागद आला. शिवरात्र जवळ आलेली, उसाचा शेवटचा तुकडा उभा, चांद अजून दिसायचा. बाबाजाननं कागद डोक्याला लावला. शिकारीच्या आदल्या संध्याकाळी अंघोळ केली, बिनवासाच्या साबणानं. अत्तराची कुपीसुद्धा उघडली नाही. पंकजाला फोन करून सांगितलं. बिभीषणच्या हॉटेलात बातमी पोचायला फोनची गरज नव्हती.

तांबडं फुटायच्या सुमाराला दोघं गंजीच्या आडोशाला बसले. वारा उसाकडून यांच्याकडं येत होता, जसा पाहिजे तसा. गारठा एवढा, की जमिनीतून वाफ निघत होती. बाबाजाननं गोळीचं काडतूस भरलं. हात थरथरतो का ते त्यानं स्वतःच बघून घेतलं. नाही थरथरला. त्याला मनातून फार बरं वाटलं. अब्बाच्या शेजारी पहिल्यांदा बसला होता तेव्हासारखं अंग हलकं झालं.

उसाची पानं सळसळली. जनावर बाहेर आलं.

थोरलं होतं. पहाटेच्या उजेडात त्याची आयाळ राखाडी दिसत होती. बाबाजाननं घोड्यावर बोट ठेवलं. पुढं काय होणार ते त्याला पाठ होतं: आता हे थांबेल, हवा हुंगेल, कान हलवेल, मग वाफ्यात तोंड घालेल, आणि तेव्हा खांद्याच्या मागं जागा उघडी पडेल.

पण ते थांबलं नाही. हुंगलंही नाही. घरचा बैल दावणीला यावा तसं डुलत डुलत सरळ बाभळीखाली गेलं. तिथं एक घमेलं होतं. त्यात तोंड घातलं, ते रिकामं होतं. त्यानं घमेलं नाकानं उलटं केलं, सुलटं केलं, आणि मग मान वर करून गंजीकडं बघितलं. नुसतं बघितलं नाही, हुंकारलं. उशीर का केला असं विचारल्यासारखं.

बाबाजानला शेजारी सूर्यभानचा श्वास अडकल्याचं ऐकू आलं.

त्यानं नळी हळूच खाली केली. मग जनावरावरची नजर न काढता कुजबुजला, "सूर्या. ह्याला कोन खाऊ घालतंय?"

सूर्यभानची टोपी मांडीवर गेली.

"मी."

"कवापासनं?"

"पंचनामा झाल्यापासनं." सूर्यभानचा आवाज पाचोळ्यासारखा झाला होता. "ती पोरगी म्हनली, ह्याच गटात पायजे. टोळी जवळ आली, कागुद येईना. ह्यो शेजारच्या वावरात गेला आसता तर? नदीला गेला आसता तर? म्हनलं, आता तरी बाबाची शिकार हुकाया नगं. म्हनून पेंड टाकीत गेलो. रताळीबी. रोज उजाडायच्या आत घमेलं उचलीत हुतो, आज तेवढं र्‍हायलं. लांबनं टाकत हुतो पयल्यांदा."

"आन मग?"

"मग जवळनं."

"हातानं?"

उत्तर बाभळीखाली उभं होतं.

"अब्बाचं म्हननं तुला ठावं हुतं," बाबाजान म्हणाला.

"ठावं हुतं. म्हनलं तुला कळायचं न्हाई. टाक बाबा, मी डोळं झाकतो."

बाबाजाननं मित्राकडं बघितलं. सत्तरीतला गडी, डोळे घट्ट मिटून बसलेला, आणि मिटलेल्या पापण्यांखालून पाणी. हे पाणी डुकरासाठी होतं का आपल्यासाठी, ते बाबाजानला कळलं नाही. बहुतेक सूर्यभानलाही कळलेलं नसावं.

बार न टाकता उठून जावं, तर गावाला उत्तर काय द्यायचं? जनावर आलंच नाही म्हणावं, तर उजाडल्यावर ठसे बोलतील. घमेल्याला चिकटलेली पेंड बोलेल. परवानगी काढलेल्या माणसानंच जनावर माणसाळवलं, हे ऑफिसात कळलं तर सूर्यभानला चौकशी लागेल. आणि बिभीषणच्या हॉटेलात कळलं, तर हा माणूस मरेपर्यंत 'डुकराचा मालक' म्हणून ओळखला जाईल. आणि जनावर तसंच सोडलं तर ते सूर्यभाननं लावलेल्या सवयीनं कुणाच्याही रानात माणसापुढं जाऊन उभं राहील. एक दिवस कुणीतरी त्याला विजेच्या तारेत धरील, नाहीतर ते कुणाला फाडील. त्याला माणसाची भीती परत द्यायला पाहिजे होती.

हे सगळं बाबाजानच्या मनात एका श्वासात येऊन गेलं. मग त्यानं नळी वळवली, बाभळीपासून लांब, रिकाम्या बांधाच्या ओल्या मातीकडं, आणि बार टाकला.

कालव्यावरचे बगळे उठले. कोप्यांमधली कुत्री भुंकायला लागली. जनावरानं जागच्या जागी उडी घेतली, एकदा किंचाळलं, आणि ऊस न धरता थेट नदीकडं सुटलं. शेपूट ताठ, मान खाली, मागं वळूनही न बघता. बाबाजान ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिला.

"उठ," तो म्हणाला. "मान्सं येतील. घमेल्यावर बस."

बार ऐकून वस्ती जमली, टोळीतली माणसं कोयत्यांसकट आली. सगळ्यात पुढं बिभीषण, हातात चहाची किटली तशीच.

"कुठंय चाचा?"

"चुकला."

"काय चुकला?"

"नेम," बाबाजान म्हणाला. हा शब्द तोंडातून बाहेर काढताना त्याला वाटलं, जीभ दुसऱ्याची आहे.

कुणी काही बोललं नाही. नंतरच्या हसण्यापेक्षा ती गप्प राहण्याची वेळ त्याला जास्त लागली. लोकांच्या तोंडावर चेष्टा नव्हती, काहीतरी पडल्यासारखे चेहरे झाले होते. मग बिभीषण बांधाकडं गेला, गोळीचं भोक बघून आला, बाभळीखालचे ठसे बघून आला.

"चाचा, डुक्कर हितं, आन गोळी थितं," तो दोन्ही हात पसरून म्हणाला. "मधी आख्खं वावर हाय." आणि मग हसू फुटलं.

पंकजा आली. तिनं रक्ताचा थेंब कुठं आहे का ते लांबपर्यंत जाऊन बघितलं. नव्हता. परत येऊन तिनं बाबाजानकडं बघितलं. "काका, लिहू काय?"

"लिवा की. नेम चुकला. म्हाताऱ्याची नजर गेली."

ती लिहायला लागली, मधेच थांबली, सूर्यभानकडं बघितलं. तो उलट्या घमेल्यावर अवघडून बसला होता आणि एवढी माणसं उभी असताना उठत नव्हता. तेवढ्यात बायडाबाई गर्दीतून पुढं आली.

"अवो, ह्ये माझं घमेलं हितं कसं?"

सूर्यभाननं आ वासला. बाबाजान मधेच म्हणाला, "मी मागितलं वयनी. माझ्या गुडघ्यानं खाली बसवत न्हाई. आता बार चुकल्यावर त्यो बसलाय."

बायडाबाईनं घमेल्याच्या काठाला चिकटलेली पेंड बघितली. नवऱ्याकडं बघितलं. बाबाजानकडं बघितलं. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "बसा, बसा. घमेलं काय जातंय कुठं." आणि घराकडं वळली. पंकजानं पुढचं लिहून सही घेतली.

त्या दिवसानंतर जनावर त्या शिवारात दिसलं नाही. रताळी वेळेवर निघाली, शिवरात्रीच्या बाजाराला गेली. उसाचा शेवटचा तुकडा तुटला, टोळी पुढच्या गावाला गेली. आणि बाबाजानच्या चुकलेल्या बाराची गोष्ट तिच्याबरोबर पुढच्या गावाला गेली. प्रत्येक मुक्कामाला गोळी डुकरापासून थोडी थोडी लांब सरकत होती. बिभीषणच्या हॉटेलात तर ती कालव्यात पडली होती. बैलाच्या पायांतल्या कुत्र्याची गोष्ट आता कुणी काढीना, काढली तर एखादा तरणा पोरगा विचारी, "नक्की कुत्रंच मारायचं हुतं का बैल?"

बद्रुन्निसाला पाण्यावर बाया विचारत. पहिल्या दिवशी तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी भांडं घासता घासता नवऱ्याला म्हणाली, "जी, खरं सांगा. तुमची नजर गेली म्हनता, आन काल भिंतीवरच्या मुंग्या मोजत बसला हुता."

बाबाजाननं सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता हसायला लागली, हसता हसता गप्प झाली. "सूर्यभानभाऊंनी तुमच्या शिकारीसाठी म्हशीच्या तोंडचं काढून डुकराला घातलं?"

"व्हय."

"आन तुमी त्याच्यासाठी स्वताचं नाव घातलं."

बाबाजान बंदुकीची नळी पुसत होता. पेटीत नाही, पुन्हा एकदा गोधडीत गुंडाळायची होती. या वेळी निवडणूक नव्हती.

"कधी निघायचं ठान्याला?" तिनं विचारलं.

"सकाळच्या गाडीनं. चांद दिसायच्या आधी."

"मी येते बरुबर. पायऱ्या चढाया."

त्या संध्याकाळी सूर्यभान आला. ओट्यावर बसला, टोपी मांडीवर ठेवली. गोधडीतला लांबट आकार त्याला दिसला, तशी टोपी त्यानं दोन्ही हातांनी चुरगाळली.

"बाबा, मी सांगतो समद्यांला. हाटेलात जाऊन सांगतो, चूक माझी हुती. त्याचा नेम कदी चुकला न्हाई, म्हनून सांगतो."

"आन मग काय हुईल?"

"तुझं नाव परत यील."

"आन तुझ्यामागं फॉरेस्टची चौकशी लागंल, आन बिभीषण तुला रोज इचारील, मालक, आज पेंड घातली का म्हनून. गप बस." बाबाजाननं गाठ घट्ट केली. "मला आता नाव काय करायचंय? बंदूक चालली. नाव तेवढं घरी ठिऊन त्याला काय तेल लावीत बसू? तुला आजून ह्या रानात र्‍हायाचंय. रताळी करायचीत."

सूर्यभान एवढंच म्हणाला, "त्यो हुंकारला रं. बघून हुंकारला."

"बघितलं मी."

"तुला राग आला न्हाई माझा?"

बाबाजाननं विचार केला. खरंच विचार केला, कारण तो प्रश्न त्यानं स्वतःला विचारलाच नव्हता. "आला," तो म्हणाला. "पेंड घातल्याचा न्हाई. डोळं मिटून बसलास त्याचा. मला म्हनतोस टाक, आन तू डोळं मिटनार. मग मी काय मिटायचं?"

आतून बद्रुन्निसा म्हणाली, "दोगं बी मिटा आता, आन च्या घ्या."

रस्त्यानं बिभीषण सायकलवर दुधाची कॅन घेऊन चालला होता. ओट्यावर दोघांना बघून त्याला राहवलं नाही. सायकल न थांबवताच ओरडला, "काय चाचा, आज कुनाला चुकवायचा बेत?"

"तुला," बाबाजान म्हणाला. "तू हुबा र्‍हा फकस्त, तुझ्या केसालाबी धक्का लागायचा न्हाई."

बिभीषण कॅन हिंदकळेपर्यंत हसला. बाबाजानही हसला, मोकळं, पोट धरून. गेल्या कित्येक महिन्यांत सूर्यभाननं त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. मग बाबाजाननं मित्राच्या बरगडीत कोपर खुपसलं. तूही हास, नाहीतर त्याला संशय येईल. सूर्यभान हसला. साऱ्या आयुष्यात कुठल्या कामाला त्याला एवढे कष्ट पडले नव्हते.